पाऊस आणि विहिरीची पातळी: पूर्णा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना सपाट काळ्या जमिनीचा पट्टा पसरला आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला चढत गेलेला कातळाचा भाग आणि मधोमध हे मैदान. इथल्या ग्रामसभांत, बांधावर आणि बोअरच्या गाडीभोवती उभं राहून लोक जे प्रश्न विचारतात, तेच खाली घेतले आहेत. उत्तरं शक्य तितकी साध्या भाषेत दिली आहेत, पण हिशेब कुठे टाळलेला नाही.

यंदा पाऊस सरासरीएवढा झाला म्हणतात. मग माझी विहीर फेब्रुवारीतच तळाला का गेली?

तहसीलचा आकडा खोटा नसतो, पण पाऊस किती पडला एवढंच तो सांगतो. कसा पडला, ते त्यात नसतं आणि विहिरीचं सगळं गणित तिथेच आहे.

अकोल्याच्या आसपास वर्षाला साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो. हाच पाऊस चाळीस-पंचेचाळीस दिवसांत विभागून, मधूनमधून झड लागून पडला, तर जमिनीला तो पिण्याइतका वेळ मिळतो. त्यातलेच अडीचशे मिलिमीटर दोन-तीन दिवसांत कोसळले आणि मध्ये वीस-बावीस दिवसांचा खंड पडला, तरी वर्षाची बेरीज तेवढीच भरते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. अशा दिवशी नाले दुथडी भरून वाहतात, वावरात गुडघाभर पाणी दिसतं आणि विहीर भरली असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं बहुतेक पाणी पूर्णेतून तापीला जाऊन मिळतं.

त्यात आपली माती चिकण. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे पहिला पाऊस भराभर आत जातो. पण माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि मग तासाला काही मिलिमीटरच पाणी आत घेते. त्याहून जोराचा पाऊस आला की जास्तीचं पाणी वरून वाहून जातं. भारी जमिनीवर रिमझिम पावसाला पर्याय नाही.

कारणाचा दुसरा भाग तुमच्या पंपात आहे. खंड पडला की सोयाबीन, पऱ्हाटी (कपाशी) वाचवायला ऑगस्टमध्येच मोटर सुरू होते. ज्या महिन्यांत विहीर भरायची, त्याच महिन्यांत उपसा चालू राहतो. पुढे हरभरा, गहू येतो तेव्हा हाताशी असलेली पातळी आधीच खाली असते.

कोणत्या नक्षत्रातला पाऊस विहिरीच्या कामाचा?

मृग आणि आर्द्राचा पाऊस पेरणीचा. विहिरीला त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण उन्हाळाभर तापून कोरडी पडलेली माती आधी स्वतःची तहान भागवते. एक मीटर खोल भारी काळी जमीन दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी सहज धरून ठेवते. ते पिकाच्या मुळांना मिळतं, पण खाली झिरपत नाही. माती धाली की त्यानंतरचं पाणी खाली उतरायला लागतं.

म्हणून पुनर्वसू-पुष्यापासून मघा-पूर्वापर्यंतचा, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा पाऊस हा विहिरी भरणारा पाऊस. त्या काळात माती ओली असते, आभाळ झाकलेलं असल्याने बाष्पीभवन कमी असतं आणि झड लागली की पाणी संथपणे खाली जात राहतं. उत्तरा-हस्ताच्या पावसाचा फायदा निराळा आहे. तो विहिरीत थोडी भर घालतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रब्बीचं पहिलं पाणी वाचवतो.

तालुक्याची टक्केवारी पाहण्याऐवजी आश्लेषा आणि मघा कशी गेली ते पाहा. पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज त्यातून जास्त नीट येतो.

पडलेल्या पावसातलं किती पाणी भूजलाला मिळतं?

जमिनीवर आणि खालच्या खडकावर ते अवलंबून आहे. रेताड गाळात पावसाचा पाचवा हिस्सा मुरू शकतो. झिजलेल्या काळ्या कातळाच्या भागात मात्र तो शेकड्याला सात-आठच्या आसपास येतो आणि वर चिकणमातीचा जाड थर असेल तर आणखी घटतो. बाकीचं पाणी काही वाहून जातं, काही पिकं आणि झाडं पितात, काही ऊन खातं.

आता एक हिशेब करू, कारण यावर फार गैरसमज आहेत. समजा ४० मिलिमीटर पाणी खरोखर खाली पोहोचलं. कातळात पाणी धरायला जागा फार थोडी असते, म्हणजे खडकाच्या शंभर भागांत जेमतेम दोन. त्यामुळे तेवढ्याच पाण्याने विहिरीची पातळी दोन मीटर चढते. वाळूमिश्रित गाळात शंभराला दहा भाग जागा असेल, तर तेच ४० मिलिमीटर पातळी फक्त ४० सेंटिमीटर चढवतात. कातळातल्या विहिरी पावसाळ्यात बघता बघता भरतात त्या यामुळेच, आणि उपसल्या की तशाच भराभर उतरतात. विहीर काठोकाठ भरलेली दिसली म्हणून खाली पाणी भरपूर आहे असं समजू नका.

शेजारच्या गावाला पाणी आणि आमच्याकडे कोरडं, हे कसं?

वर सगळीकडे सारखीच काळी माती दिसते, पण खाली तीन वेगवेगळे मुलूख आहेत.

सातपुड्याच्या पायथ्याला परतवाडा, अकोट, तेल्हाऱ्याच्या उत्तरेकडे डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि जाड वाळूचा पट्टा आहे. इथे पाणी चांगलं मुरतं, पण पातळी खोल असते. मैदानाच्या मधल्या भागात, पूर्णेच्या आजूबाजूला, नदीने आणलेला गाळ आहे. काही ठिकाणी त्याची जाडी तीनशे मीटरच्याही पुढे जाते. त्यात चिकणमातीचे थर जास्त, वाळूचे पट्टे कमी, आणि पाणी बरंचसं खारं, म्हणून याला खारपाणपट्टा म्हणतात. दक्षिणेकडे आणि खोऱ्याच्या कडेने काळा पाषाण लागतो. तिथे पाणी मिळतं ते मुरमात, भेगांत आणि छिद्रांच्या मांजऱ्या खडकात. घट्ट पाषाणाची शिळा लागली तर शंभर फुटांवरच्या दोन विहिरींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

त्यामुळे एका गावात जमलेला उपाय दुसऱ्या गावात तसाच नेऊन चालत नाही. गावाखाली काय आहे, ते आधी पाहावं लागतं.

डोंगरातून येणारी नदी पायथ्याशी आल्यावर नाहीशी का होते?

ज्यांनी ऑक्टोबरमध्ये हे पाहिलं नसेल त्यांनी एकदा मुद्दाम जाऊन पाहावं. मेळघाटातून उतरणाऱ्या नद्यांपैकी कुठल्याही एकीच्या पात्रातून पायथ्याकडून दक्षिणेला चालत निघा. वर घोट्याएवढं स्वच्छ पाणी खळखळत असतं. पात्रात नारळाएवढे, मुठीएवढे गोल गोटे, मध्ये भरड वाळू. जसजसं खाली यावं तसा प्रवाह बारीक होतो, दोन-तीन धारांत फुटतो, मग नुसते ओले गोटे उरतात. थोडं पुढे गेलं की पात्र कोरडं, गोट्यांवर धूळ. पाणी आटलेलं नसतं, ते पायाखाली गेलेलं असतं.

हा पट्टा म्हणजे सगळ्या खोऱ्याचं पाणी मुरण्याचं तोंड आहे. शहानूर, सापन, चंद्रभागा, वाण या नद्या डोंगरातला पाऊस इथे आणतात. मेळघाटात मैदानाहून बराच जास्त पाऊस पडतो, म्हणजे तुमच्या वावरात न पडलेल्या पावसाचाही वाटा तुमच्या भूजलात आहे. याच पट्ट्यात वाळूचा बेसुमार उपसा होतो याचं मला फार वाईट वाटतं. गोटे आणि वाळू नेली की पाणी थांबायला आणि मुरायला जागाच उरत नाही. वरच्या जंगलाचंही तसंच. झाडोरा आणि पालापाचोळा असला तर नदी दिवाळीपर्यंत थोडी थोडी वाहते आणि मुरत राहते. डोंगर उघडा पडला की एकच लोंढा येतो आणि दोन दिवसांत पात्र रिकामं होतं.

खारपाणपट्ट्यात पाऊस चांगला झाला तर पाणी गोड होतं का?

थोडं आणि थोड्या दिवसांपुरतं. पावसाचं ताजं पाणी हलकं असतं, ते जुन्या खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून राहतं. म्हणून पावसाळ्यानंतर उथळ विहिरीची चव सुधारते. उपसा वाढला की वरचा थर संपतो आणि खालचं खारं पाणी वर येतं. अशा ठिकाणी विहीर जास्त खोल करणं म्हणजे खाऱ्या पाण्याला हाताने वाट करून देणं.

तिन्ही जिल्ह्यांत मिळून जवळपास नऊशे गावं या पट्ट्यात येतात. इथे क्षार साठले, कारण चिकण थरांतून पाण्याचा निचरा फारच संथ आहे आणि पाऊस ते धुऊन काढण्याएवढा पडत नाही. हे पाणी शेताला दिलं तर सोडियममुळे जमीन चोपण होते. ओली असताना चिखल, वाळली की दगड. एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, सेंद्रिय खत आणि कित्येक वर्षं लागतात. म्हणून इथे विहीर-बोअरच्या मागे न लागता पावसाचं पाणी शेततळ्यात धरणं हा खरा मार्ग आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही हेच सांगत आलं आहे. माती चिकण असल्याने तळ्याला प्लास्टिकही लागत नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी मात्र बाहेरून आणलेल्या नळयोजनेला पर्याय नाही.

हवामान खरंच बदललं आहे, की दर पिढीला असंच वाटतं?

बदललं आहे, आणि त्याची मोजमापं आहेत. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. मध्यम आणि रिमझिम पावसाचे दिवस कमी झाले. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्या महिन्यात विहिरी भरायच्या तोच कोरडा गेला.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हवा गरम झाली की ती जास्त बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस यायला वेळ लागतो आणि आला की एकदम येतो. एकूण पावसात फारसा फरक न पडताही भूजलाचं नुकसान होतं ते असं.

एल निनोच्या वर्षी विहिरी हमखास आटतात का?

हमखास नाही. एल निनोत प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपला मान्सून कमकुवत होण्याची शक्यता वाढते, एवढंच. २०१५ साली एल निनो होता आणि राज्यात दुष्काळ पडला. पण काही एल निनो वर्षांत पाऊस बरा झाल्याचीही उदाहरणं आहेत. एक वाईट वर्ष विहीर कशीबशी काढते. लागोपाठ दोन वर्षं गेली, तर कातळातल्या विहिरीला शिल्लक काही उरत नाही. जूनमध्ये एल निनोची बातमी आली, तर उसनवारीने संत्र्याची नवी लागवड करू नका, एवढं तरी नक्की पाळा.

उन्हाळा वाढला म्हणून जमिनीखालचं पाणी वाफ होऊन जातं का?

दहा-पंधरा मीटर खाली असलेलं पाणी उन्हाने वाफ होत नाही. उन्हाचा फटका दुसऱ्या बाजूने बसतो. पारा ४४-४५ वर गेला की संत्र्याचं झाड, भाजीपाला, चारा, जनावरं, माणसं सगळ्यांचीच गरज वाढते आणि ती भागते विहिरीतून. धरणं-तलाव आटले की त्यांचाही भार भूजलावर येतो.

आणि प्लास्टिक अंथरलेल्या ज्या शेततळ्यांत उन्हाळ्यात बोअरचं पाणी भरून ठेवतात, त्यांच्याबद्दल स्पष्टच बोललं पाहिजे. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जातं. जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, याला पाणी साठवणं म्हणता येत नाही. शेततळं पावसाच्या, वाहून जाणाऱ्या पाण्याने भरा.

वरुड-मोर्शीकडे पाऊस आपल्याहून जास्त, तरी तिथे पाणी एवढं खोल का गेलं?

कारण पाऊस देतो त्याहून जास्त तिथे काढलं गेलं. संत्र्याला वर्षभर पाणी लागतं आणि आंबिया बहराची फळं झाडावर असतात ती नेमकी एप्रिल-मेमध्ये. बाग म्हणजे पंधरा-वीस वर्षांची गुंतवणूक, ती वाळू द्यायला कुणाचं मन होत नाही. मग एकाचा बोअर आटला की तो खोल जातो, त्याच्यामुळे शेजाऱ्याचा आटतो, तो आणखी खोल जातो. या तालुक्यांची नोंद म्हणूनच अतिशोषितांमध्ये होत आली आणि केंद्राच्या अटल भूजल योजनेतही ती आली. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. कापसाला भाव नसताना संत्र्यानेच त्या भागातली घरं उभी केली आहेत.

‘सुरक्षित’, ‘अतिशोषित’ हे कोण आणि कशावरून ठरवतं?

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि केंद्रीय भूजल मंडळ मिळून. वर्षभरात जेवढं भूजल वापरण्याजोगं तयार होतं, त्याच्या किती टक्के उपसा होतो ते काढतात. ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि शंभराच्या वर अतिशोषित. यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावागावांत आहेत. त्यांची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजतात. तुमच्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कुठली, हे जिल्हा कार्यालयात विचारा. ते तुमच्या हक्काचं आहे.

बोअर पाचशे-सहाशे फूट नेला तर पाणी लागेल ना?

कातळाच्या भागात भरवशाचं पाणी बहुतेक करून वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याच्या लगतच्या भेगांत असतं. खोल गेल्यावर भेगा विरळ होतात. कधी एखादी मोठी भेग लागते आणि धो धो पाणी येतं, त्याची चर्चा चार गावांत होते. बाजूच्या फुसक्या बोअरची चर्चा होत नाही, कर्ज मात्र घरात बसतं. खोलवर लागलेलं पाणी बऱ्याचदा फार जुनं असतं. दर पावसाळ्यात ते भरून येत नाही, म्हणून असे बोअर दोन-तीन वर्षं चालून अचानक थांबतात.

कायद्याचंही पाहा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरच्या पुढची विहीर ही ‘खोल विहीर’ मानली आहे आणि तिच्यावर बंधनं आहेत. गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेतानाही अडकाठी आहे.

नारळ किंवा काडीवर पाणी पाहणाऱ्यांवर अनेकांचा विश्वास असतो. त्यांच्यापैकी जाणत्यांना झाडं, वारुळं आणि जमिनीचा उतार वाचता येतो, हे मान्य. पण लाखभर रुपये जमिनीत घालण्याआधी भूवैज्ञानिकाकडून पाहणी करून घ्या.

नाला खोल केला की भूजल वाढतं का?

मुरूम असेल तिथवर गाळ काढला तर वाढतं. खालच्या पाणी धरणाऱ्या थराला छेद जाईपर्यंत खणला, तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी उलट नाल्यात झिरपून येतं आणि उन्हात उडतं. नाल्यात हिवाळाभर पाणी दिसतं, फोटो चांगला येतो, आणि काठच्या विहिरी लवकर उतरतात. आधी वरच्या वावरांत धुरे (बांध), उताराला आडवी पेरणी, सरी-वरंबा, मग छोटे बंधारे आणि शेवटी नाला, असा वरून खाली क्रम धरा.

छताचं किंवा शेताचं पाणी थेट विहिरीत सोडलं तर?

छताचं चालेल, पहिला पाऊस सोडून आणि गिट्टी-वाळूच्या गाळणीतून. शेतातलं नको. त्यात गाळ असतो, तो झरे बुजवतो, आणि फवारणीचं विष असतं. खतांचा नायट्रेटही त्याच वाटेने पिण्याच्या पाण्यात येतो.

भंडारा-गोंदियाकडे हेच लागू आहे का?

पावसाचं गणित तेच, जमीन वेगळी. तिकडे पाऊस १,२०० मिलिमीटरच्या पुढे, खाली जुना कठीण खडक, आणि जोडीला मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले गावतलाव; पूर्व विदर्भात मिळून ते हजारोंच्या घरात आहेत. तलाव भरले की खालच्या विहिरी टिकतात. त्यांच्या गाळाचा आणि दुरुस्तीचा विषय स्वतंत्र लिहिण्याजोगा आहे.

विहिरीची पातळी घरच्या घरी कशी मोजायची?

काठावर एक जागा ठरवून रंगाने पट्टा मारा आणि दर वेळी तिथूनच मोजा. पंप रात्रभर बंद ठेवा, सकाळी मोटर लावायच्या आधी मोजा. मोजपट्टीच्या शेवटच्या दोन मीटरला खडू घासा, टोकाला वजन बांधा आणि ती पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडा. काठाच्या खुणेशी आलेला आकडा लिहा. पट्टी वर काढल्यावर ओला खडू गडद दिसतो. तो भाग एकूण आकड्यातून वजा केला की पाण्याची खोली मिळते. काठाची उंची जमिनीपासून किती आहे तेही एकदा लिहून ठेवा. पट्टी नसेल तर दोरीला छोटा डबा उपडा बांधा, पाण्याला टेकताच ‘डब्ब’ असा आवाज येतो, तिथे दोरीला गाठ मारा.

पंधरा दिवसांतून एकदा, त्याच वहीत पावसाच्या नोंदीशेजारी लिहा. गावातल्या आठ-दहा विहिरींची अशी वही दोन-तीन वर्षं चालली, तर कोणत्या पावसाने किती पातळी चढते, हे त्या गावाला कुणाला विचारावं लागत नाही.

ऑक्टोबरच्या पातळीवरून रब्बीत काय घ्यायचं ते ठरवता येतं का?

येतं. पाणी देण्याच्या एका पाळीला सहा सेंटिमीटर धरले, तर गव्हाच्या सहा पाळ्यांचे ३६ सेंटिमीटर होतात. एक एकरासाठी हे साडेचौदा लाख लिटर पाणी झालं. कातळाचा शंभराला दोनचा हिशेब लावा: तेवढं पाणी त्या एका एकराच्या खालूनच काढायचं म्हटलं तर पातळी १८ मीटर उतरली पाहिजे. एवढा खोल पाणी धरणारा झिजलेला थरच बहुतेक ठिकाणी नसतो. म्हणजे गव्हाचं एक एकर आजूबाजूच्या अनेक एकरांखालचं पाणी पितं. हरभऱ्याच्या दोन पाळ्यांना १२ सेंटिमीटर लागतात, म्हणजे सहा मीटर. तुषार सिंचन केलं तर आणखी कमी. खोल काळ्या जमिनीत तर हरभरा नुसत्या ओलीवरही येतो, खारपाणपट्ट्यात लोक तो तसाच घेतात.

ऑक्टोबरमध्ये पातळी मोजा, मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरशी ताडून पाहा. दोन-तीन मीटर कमी असेल तर गहू सोडा आणि हरभरा किंवा करडई घ्या. पिण्याचं पाणी त्याच विहिरीतून येत असेल, तर मेअखेरपर्यंतची घराची आणि जनावरांची गरज आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पाण्यावर पेरा घ्या. हा निर्णय एकट्याने घेऊन फारसं साधत नाही, कारण शेजाऱ्याची आणि तुमची विहीर एकाच पाण्यावर आहे. पेरणीआधी, कोजागिरीच्या सुमाराला, नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या विहीरवाल्यांनी एकत्र बसून आकडे समोर ठेवावेत.